मावशींच्या नावावरच्या दोन बाटल्या

परदेशातून परत येताना माणशी दोन लिटर दारू आणि शंभर सिगारेटी कर न भरता आणता येतात, हे मला थायलंडला जायचं ठरेपर्यंत माहीत नव्हतं. ठरल्यावर आठवड्याभरात इतक्या जणांनी सांगितलं की तोंडपाठ झालं. आमच्या कंपनीच्या अध्यक्षांनी दोन बाटल्या आणि सिगारेटींचा दहा पाकिटांचा एक पुडा सांगितला. साडूने एक बाटली सांगितली. एक मला स्वतःला हवी होती. म्हणजे लिटरच्या चार बाटल्या आणि दोनशे सिगारेटी. मी एकटाच. हा हिशेब बसत नाही हे मला निघण्याआधीच कळत होतं, आणि तो कसा बसवायचा हेही मनात कुठेतरी ठरलेलं होतं. ते मी आज कबूल करतो. तेव्हा स्वतःशीसुद्धा केलं नव्हतं.

मी वारूळवाडीचा. नारायणगावात शेतकऱ्यांच्या एका कंपनीत नोकरी करतो. डोंगरातल्या गटांकडून भात आणि नाचणी गोळा करणं, त्यांना बियाण्याची, प्रशिक्षणाची माहिती देणं, हे माझं काम. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सात शेतकऱ्यांचा भातशेती बघायला थायलंडचा दौरा निघाला. त्यांना नेऊन आणायची जबाबदारी माझी. सात जणांत बाई एकच होती.

त्या तळेघरच्या पुढच्या एका वाडीतल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, काष्ट्याचं लुगडं नेसणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणायच्या. भाताची आठ जुनी वाणं त्यांनी घरात जपून ठेवली होती, म्हणून त्यांची निवड झाली. पण त्यांच्या भागात त्यांना बियाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी ओळखत. वाडीच्या रस्त्यावर एक दारूचं दुकान होतं. ते बंद करायला बायकांचं मतदान झालं, आणि त्या मतदानासाठी बायकांच्या गटाच्या अध्यक्ष म्हणून मावशी दोन वर्षं घरोघर फिरल्या. त्या मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडवी जिंकली. मावशींचा नवराही पूर्वी प्यायचा. त्याने भीमाशंकरला बेल उचलून शपथ घेऊन दारू सोडली होती आणि ती पुन्हा घेतली नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून चुकलो, असं म्हणायची सोय मला नाही.

दौरा चांगला झाला. आठ दिवसांनी आम्ही बँकॉकच्या विमानतळावर परतीच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. सगळ्यांचे पासपोर्ट आणि बोर्डिंग पास माझ्याकडेच एका फाइलमध्ये असत. बाकीचे सहा जण दुकानांत शिरले आणि आपापल्या वाटणीच्या बाटल्या घेऊन आले. त्यांच्यातल्या कोणाकडे काही मागायची सोय उरली नाही. मोकळा राहिला होता फक्त मावशींचा वाटा. तो असाच वाया जाणार, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं.

मावशी खिडकीपाशी बसून बाहेरची विमानं बघत होत्या. मी माझ्या नावावर दोन बाटल्या घेतल्या, आणि मावशींना काही न विचारता त्यांचा पासपोर्ट दाखवून आणखी दोन घेतल्या. या दुसऱ्या दोन बाटल्या मोठ्या टॉवेलांत गुंडाळल्या. सिगारेटींचा पुडा फोडून पाच पाकिटं माझ्या बॅगेत टाकली आणि पाच त्या टॉवेलांमध्ये खोचली. मग मावशींजवळ गेलो.

"मावशी, माझ्या बॅगेत जागा नाही. एवढं तुमच्या पिशवीत ठेवाल का?"

"काय हाय?"

"खोबरेल तेल. इथलं चांगलं असतं म्हणून घरच्यांनी मागवलंय."

"ठिवा की," त्या म्हणाल्या आणि आपली कापडी पिशवी उघडून धरली. आत भाताचं एक वाळकं कणीस होतं, घरी नेण्यासाठी उचललेलं. ते चुरगळू नये म्हणून त्यांनी ते बाजूला केलं आणि माझ्या बाटल्यांना जागा करून दिली. विमानात सबंध वेळ ती पिशवी त्यांनी पायांत नीट धरून ठेवली. काचेचं आहे म्हणून.

मुंबईत सकाळी उतरलो. सामान घेऊन आम्ही हिरव्या पाटीच्या वाटेने निघालो. ज्यांच्याकडे कर भरण्यासारखं काही नाही त्यांची ती वाट. एरवी कोणी अडवत नाही म्हणतात. आम्हाला अडवलं. आठ जणांचा घोळका, जवळजवळ प्रत्येकाच्या हातात बाटल्यांची पारदर्शक पिशवी, त्यामुळे असेल. अधिकाऱ्याने सगळ्यांना सामान मशीनवर टाकायला सांगितलं. बाकीच्यांचं सुटलं. मावशींच्या पिशवीपाशी पट्टा थांबला.

अधिकारी मराठीच होता. चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा.

"आजी, ही पिशवी तुमची?"

"व्हय."

"काय आहे यात?"

"खोबऱ्याचं त्याल."

त्याने टॉवेल सोडला. पिवळसर दारूची लांब मानेची बाटली टेबलावर उभी राहिली. मग दुसरी. मग एकेक करून सिगारेटची पाच पाकिटं.

"आजी, हे तेल कुठल्या केसांना लावता?"

रांगेतली माणसं हसली. आमच्यातले दोघे-तिघेही हसले. मावशी बाटलीकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बाटली कशाची आहे हे ओळखायला वाचावं लागत नाही. दोन वर्षं त्या तेच चित्र घेऊन दारोदार फिरल्या होत्या.

अधिकारी हसायचा थांबला. "आजी, खरं सांगा. कोणी दिलं तुम्हाला हे? दुसऱ्याची वस्तू आपल्या पिशवीत आणायची नसते. कोणाचं आहे?"

त्याने आमच्या सगळ्यांकडे बघितलं. मावशींनी फक्त माझ्याकडे बघितलं.

मी तिथून चार पावलांवर उभा होतो. माझ्या बॅगेत माझ्या दोन बाटल्या होत्या. या दोन माझ्या म्हटलं असतं तर चार झाल्या असत्या, आणि वरच्या दोनांवर कर बसला असता. शिवाय नोकरीच्या दौऱ्यावर शेतकरी बाईच्या पिशवीतून दारू आणली, ही गोष्ट त्या सहा जणांसमोर उघडी पडली असती. मी तोंड उघडलं नाही. पासपोर्टांची फाइल चाळू लागलो, जणू काही कागद शोधतो आहे.

"माझ्याच हायेत," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही पिता?"

"व्हय."

"आणि सिगारेट?"

"ती बी."

अधिकाऱ्याने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्याला पटलं नव्हतं. पण दोन लिटर आणि शंभर सिगारेटी, सगळं नियमात होतं. "बरं, एवढं चालतं. घेऊन जा आजी," म्हणाला आणि त्याने स्वतःच बाटल्या टॉवेलांत गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

बाहेर गाडीपाशी आल्यावर मावशींनी पिशवीतून तो गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. "हे घ्या तुमचं त्याल." बास. माळशेज घाट चढून नारायणगाव येईपर्यंत त्या ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसल्या होत्या. स्टँडवर उतरून मंचरच्या एसटीकडे निघाल्या. मी म्हटलं, "मावशी, घरापर्यंत सोडतो." त्यांनी मागे वळून न बघताच हात हलवला, नको म्हणून.

मला त्या वेळी लाज वाटली असं लिहायला आवडेल. पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

नंतरचं सांगायला जास्त जड जातं. पुढच्या रविवारी साडूच्या मळ्यावर दुपारी मटणाचा बेत होता. द्राक्षं उतरायला आली होती, त्या निमित्ताने दहा-बारा जण जमले होते. साडूची बाटली उघडली. दुसऱ्या ग्लासानंतर कोणीतरी विचारलं, "चार बाटल्या आणल्या कशा हो पाव्हणं?" आणि मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. मावशींचा आवाज काढला. "खोबऱ्याचं त्याल" हे त्यांच्यासारखं तोंड करून म्हटलं. अधिकाऱ्याचा केसांचा विनोद सांगितला. "पिता का?" "व्हय." "आणि सिगारेट?" "ती बी." लोक पोट धरून हसले. घोडेगावचा एक व्यापारी होता, त्याने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी आणखी चांगलं जमलं.

मी गप्प राहिलो होतो, ते मात्र दोन्ही वेळा सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये संकष्टीला मी आणि माझी बायको ओझरला दर्शनाला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर पडताना दौऱ्यातले एक शेतकरी भेटले. ते आंबेगावच्या डोंगरातलेच, मावशींच्या शेजारच्या गावचे.

"राव, तुमची मावशी लई गाजली की," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"घोडेगावच्या बाजारात समदे तेच बोलत्यात. बाई इमानातनं दारू घिऊन आली, सायबापुढं बोलली की मी पिते, शिगरेट बी वढते. दुकानवाल्याच्या भावकीला तर आयतंच मिळालं. म्हणत्यात, आमचं दुकान बंद केलं आन् सोता परदेशातली पिती."

"पण त्या बाटल्या..." मी म्हणालो, आणि बायको शेजारी होती म्हणून थांबलो.

"आपल्याला म्हाईत हाय वो कुणाच्या ते, गाडीपाशी बघितलं की. पण गावाला कोण सांगनार? बायांनी मीटिंग घिऊन इचारलं तिला. ती बोललीच नाय. गटाचं अध्यक्षपद सोडलं न् घरी बसली."

घरी येताना मोटारसायकलवर बायको मागे बसली होती. वारूळवाडी जवळ आल्यावर म्हणाली, "मळ्यावर तुम्ही ते सोंग करून दाखवत होता ना, तेव्हा आम्ही बायका आत भाकरी करत होतो. सगळ्यांनी ऐकलं. मला तिथं मान वर करवेना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्हाला कळेल म्हणून वाट बघत होते."

त्यानंतरही मी तीन आठवडे गेलो नाही. दोनदा फोन लावला. एकदा रेंज नव्हती. एकदा लागला, पलीकडून मावशींचा "कोण बोलतंय?" असा आवाज आला, आणि मी कापून टाकला. एकदा मंचरपर्यंत जाऊन कामाचं निमित्त काढून परत आलो. कोणी माणूस इतका भित्रा असू शकतो हे मला स्वतःवरून कळलं.

मे महिन्यात शेवटी गेलो. तळेघरला एसटीतून उतरून तासभर चाललो. खाचरांमध्ये राब भाजण्याचं काम चाललं होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला, फांद्या आणि शेण पसरून ते पेटवतात. सगळ्या डोंगराला त्याचा धूर लागला होता. मावशींचा नवरा खाचरात होता. मला बघून हातातला दांडा खाली ठेवून आला. मी कोण ते सांगितलं.

"वळखलं," तो म्हणाला. "तिनं मला आल्या आल्या सांगितलं व्हतं, भाऊंनी त्याल म्हून दिलं. मी इस्वास ठिवला. दुसऱ्या कुणाला तिनं तुमचं नाव सांगितलं न्हाई. मलाबी शपथ घातली."

मावशी ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. सुपातलं काम त्यांनी थांबवलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाटल्या, गप्प राहणं, आणि मळ्यावर मी केलेलं त्यांचं सोंगही. ते त्यांना माहीत नव्हतं. ते ऐकताना सूप थांबलं.

"मंजी ही गोष्ट तुमीच पसरवली?"

"हो."

"मला वाटलं, बरूबरच्यांनी."

त्यांनी पुन्हा पाखडायला सुरुवात केली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय करू? मला तर पयलंच म्हाईत हाय. बायांना सांगा."

त्याच दुपारी शाळेच्या व्हरांड्यात गटातल्या अकरा बायका जमल्या. मावशी खांबाला टेकून एका बाजूला बसल्या. मी सांगितलं. इतक्या वेळा मनात घोकून गेलो होतो, तरी माझा आवाज लागेना. गटातली एक तरुण बाई मध्येच म्हणाली, "मोठ्यानं बोला, मागं ऐकू येत न्हाई." मी मोठ्याने बोललो. बाटल्या माझ्या, सिगारेटी माझ्या, मावशींना तेल सांगून फसवलं ते मी, आणि साहेबाने विचारलं तेव्हा तोंड मिटून उभा राहिलो तोही मीच.

"मग तवा का बोलला न्हाई?" तिनेच विचारलं.

"जास्तीच्या बाटल्यांवर कर भरावा लागला असता."

"किती?"

"आठ-दहा हजार."

मग खांबापासून मावशींचा आवाज आला.

"भाऊ, आन् जेल?"

"कसली जेल, मावशी?"

"तुमाला धरून न्हेलं नसतं?"

"नाही. पैसे भरले की सोडतात. नाहीतर बाटल्या ठेवून घेतात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विमानतळावर बघितलं होतं त्याहून हे बघणं वेगळं होतं. "मला वाटलं तुमाला बेड्या घालत्यात," त्या हळू म्हणाल्या. "तुमची पोरं बारकी हायेत म्हून मी माझ्या म्हणलं."

माझ्या पोरांबद्दल मीच त्यांना सांगितलं होतं, बँकॉकमध्ये, जेवताना. फोटो दाखवले होते. माणसाला तुरुंगापासून वाचवायचं म्हणून त्या बाईने आपली दोन वर्षांची कमाई त्या टेबलावर ठेवली होती, आणि मी वाचवत होतो एका मोबाइलच्या किमतीएवढे पैसे. हे मला एवढे दिवस कळलं नव्हतं. मला वाटत होतं, त्यांनी मला सांभाळून घेतलं, मोठं मन केलं. त्यांना नियमच माहीत नव्हता. आणि सगळे पासपोर्ट हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला तो पाठ होता.

त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि घरी गेल्या. बायकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्यातल्या एकीने मला पाणी आणून दिलं.

परतीची एसटी निघून गेली होती. एखादी जीप मिळेल म्हणून मावशींचा नवरा मला खालच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने विचारलं, "भाऊ, त्या देशात भाताची खाचरं कशी असत्यात वो?"

"मावशींनी नाही सांगितलं?"

"सांगनार व्हती. येताना कणीस बी आणलं. पण आल्यापास्नं जो तो बाटल्यांचंच इचारतोय. मंग तिनं त्या देशाचं नावच टाकलं. घरात काढीत न्हाई."

मी सांगायला लागलो. पाण्याचे पाट कसे होते, रोपं लावायचं यंत्र कसं होतं. तो मध्ये मध्ये विचारत होता. बांध किती उंच? माती काळी का तांबडी? रोप किती दिवसांचं लावतात? मला सांगता येईना. मी आठ दिवस त्या खाचरांच्या कडेला उभा होतो, पण बहुतेक वेळ फोनवर कोणती बाटली कितीला ते बघत होतो. मावशी प्रत्येक बांधावर वाकून माती हातात घेत होत्या. दुभाष्याला विचारायला लावत होत्या. यातल्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे असणार.

"तिलाच विचारा," मी म्हणालो.

"इचारीन कधीतरी," तो म्हणाला.

मी कंपनीच्या अध्यक्षांना सगळं लेखी कळवलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "हे कशाला कागदावर आणता?" त्यांच्या दोन्ही बाटल्या तोवर संपल्या होत्या. माझी नोकरी आहे तशी आहे. वाडीच्या बायकांनी घोडेगावच्या बाजारात जाऊन खरं काय ते सांगितलं असं कानावर आलं, पण खोटी गोष्ट हसू येणारी होती आणि खरी नव्हती, त्यामुळे ती तितकीशी चालली नाही. दुकान अजून बंदच आहे. गटाने मावशींना पुन्हा अध्यक्ष व्हायला सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. आता ती तरुण बाई अध्यक्ष आहे, मला मोठ्याने बोला म्हणाली होती ती.

दिवाळीनंतर भात घ्यायला मी त्यांच्या वाडीवर गेलो. मावशींनी आपली पोती मोजून दिली, काट्यावरचा आकडा दुसऱ्या बाईकडून दोनदा वाचून घेतला, आणि माझ्या पावतीवर अंगठा उठवण्याआधी तिला म्हणाल्या, "यात काय काय लिवलंय ते समदं वाच." ती वाचत होती तोवर मी उभा राहिलो. घाई करायचा मला काही हक्क नव्हता.